येरवड्याच्या अलीकडे

येरवडा हे नाव कानी पडले की आपल्या समाजातील वाचत्या घरांत प्रथम आठवतो तो २४ सप्टेंबर १९३२ हा दिवस आणि तेथील तुरुंगात झालेला पुणे करार. इतिहासाच्या शिक्षकाला तर हा विषय वर्षातून एकदा वर्गात मांडावाच लागतो. परंतु पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कँटीनमध्ये, बसथांब्यांवर आणि भाड्याच्या खोल्यांत हेच नाव निराळ्या अर्थाने ऐकू येते. एखादा सहकारी स्वतःशी पुटपुटला, दोनदा काही विसरला, की 'याला येरवड्याला पोहोचवा' असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे हसतात. मुंबईकडचे लोक हाच विनोद ठाण्याच्या नावाने करतात. या विनोदात एक गृहीत दडलेले आहे. मनाचा आजार म्हणजे वेड, वेडाचे ठिकाण म्हणजे येरवडा आणि तेथे गेलेला माणूस आपल्यातून गेला, असे ते गृहीत आहे. ते जोवर शाबूत आहे तोवर आजारी माणूस आपला आजार लपवणार, त्याचे घर त्याला लपवणार आणि उपचाराला उशीर होत राहणार.

शाळेच्या स्मरणिकेत गौरवाच्या मजकुराशेजारी हा अप्रिय विषय मांडण्याचे कारण एवढेच, की या अंकाचे बहुसंख्य वाचक याच औद्योगिक पट्ट्यात राबतात किंवा त्यांची मुले राबतात. गंभीर मानसिक आजार ज्या वयात बहुधा प्रथम डोके वर काढतात, नेमक्या त्याच वयात आपली मुले शाळा सोडून कारखान्याच्या गेटवर उभी असतात.

तुरुंग आणि मनोरुग्णालय यांची नावे लोकांच्या तोंडी एकत्र येतात, त्याला इतिहासाचाही आधार आहे. १८५८ साली कंपनीची सत्ता राणीच्या हाती गेली, त्याच वर्षी हिंदुस्थानात 'वेड्यां'विषयीचे कायदे झाले. पुढे कित्येक वर्षे या इस्पितळांवर तुरुंगांच्या महानिरीक्षकांचीच देखरेख असे. १९१२च्या इंडियन लुनसी ॲक्टनंतरही समाजाला उपद्रव होऊ नये म्हणून माणसाला भिंतीआड ठेवणे हाच कायद्याचा गाभा राहिला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला. इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे लोकसंख्येमागे मनोरुग्णांसाठी एक खाट असताना हिंदुस्थानात ती सुमारे चाळीस हजारांमागे एक आहे, अशी तुलना त्या अहवालात आहे. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यास सुरुवात झाली आणि तीव्र आजाराचा माणूसही घरी राहून बरा होऊ शकतो, अशी आशा जगाला वाटू लागली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना उपचाराच्या काळात त्यांच्यासोबत ठेवले. औषध आले होते, घरच्या माणसाचे मोल कळले होते. तरीही १९१२चा कायदा १९८७पर्यंत बदलला नाही, आणि बदललेला कायदा प्रत्यक्ष लागू होण्यास १९९३ साल उजाडले. स्वतंत्र भारतात जन्मलेल्या दोन पिढ्या मनाच्या आजाराकडे परकीय सरकारच्या चष्म्यातून पाहत मोठ्या झाल्या.

येथे एक खुलासा केला पाहिजे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला दोष देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची चार जुनी शासकीय मनोरुग्णालये आहेत. त्यांत अडीच हजारांहून अधिक मंजूर खाटांचे येरवडा सर्वांत मोठे. ज्यांना घराने टाकले, रस्त्याने छळले, अशा असंख्यांना त्या भिंतींनी आसरा दिला आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात महाराष्ट्राला ज्याचा अभिमान वाटतो ते मुक्तांगणही याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्यासाठी मदतीचा हात दिला. दारूच्या किंवा गर्दच्या आहारी गेलेला माणूस आजारी आहे, त्याला उपचार हवेत, ही गोष्ट मुक्तांगणने महाराष्ट्राच्या गळी उतरवली. उपचार संपवून घरी गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका घेण्याची प्रथाही त्यांनी पाडली. माणूस घरी परतल्यावर काय होते, याची काळजी वाहणारे ते काम होते.

तथापि कोणतेही मोठे रुग्णालय हा उपचाराच्या वाटेवरचा शेवटचा थांबा असतो. छातीत कळ आली म्हणून कोणी थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात नाही. आधी गल्लीतला डॉक्टर, मग तपासणी, मग गोळ्या, मग पथ्य, असे टप्पे असतात. मनाच्या आजाराच्या वाटेवर मात्र आपल्या पट्ट्यात असे मधले थांबे फार थोडे, आणि जे आहेत ते लोकांना ठाऊक नसतात. एका टोकाला 'टेन्शन घेऊ नको' हा सल्ला आणि दुसऱ्या टोकाला येरवडा. या दोहोंमधले अंतर भरून काढणे हाच आपल्यापुरता मानसिक आरोग्याचा खरा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

या अंतराची कथा या पट्ट्याच्या वाढीबरोबरच सुरू होते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. मागोमाग आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले. पुढे कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींसाठी ओळखले जाऊ लागले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. मनाच्या आजाराचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावेत, हा त्याचा मूळ विचार. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्स या संस्थेने हे करून दाखवले आणि १९९६पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. महानगरपालिका आणि हा कार्यक्रम एकाच वयाचे. पहिलीने २०११च्या जनगणनेत सतरा लाखांवर लोकसंख्या गाठली, रुंद रस्ते आणि उड्डाणपूल बांधले. दुसरा अजून कागदावरून वस्तीत पुरता उतरलेला नाही. केंद्राच्या आरोग्यावरील तरतुदीत मानसिक आरोग्याचा वाटा सुमारे एक टक्का असतो, हे कळल्यावर त्याचे आश्चर्य वाटत नाही.

आता म्हाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी येथे राहणारा एखादा सर्वसामान्य कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणावा. बीड, नांदेड किंवा बुलढाण्याकडून आलेला, आयटीआय झालेला, वय बावीस-तेवीस. एका खोलीत चार-पाच जण. पाळी सतत बदलणारी. त्यामुळे झोपेचे वेळापत्रक असे उरतच नाही. अपुरी आणि विस्कळीत झोप ही मनाच्या अनेक आजारांना आमंत्रण देणारी, किंवा दबलेल्या आजाराला उठवणारी गोष्ट आहे. या मुलाला स्किझोफ्रेनियासारखा आजार जडला तर पहिली चिन्हे आईवडिलांना दिसत नाहीत, खोलीतल्या सोबत्यांना दिसतात. तो रात्रभर जागा राहतो, सुपरवायझर आपल्याविरुद्ध कट करतो आहे असे सांगू लागतो, भरलेला डबा न उघडता परत आणतो. एके दिवशी ठेकेदार त्याला गेटवरूनच माघारी पाठवतो. सोबती वर्गणी काढून त्याला गावच्या एसटीत बसवून देतात. त्यांनी आपल्या परीने माणुसकीच दाखवलेली असते. परंतु ज्या शहरात निदान मनोविकारतज्ज्ञ आहे तेथून हा मुलगा, जेथे तो नाही त्या गावी गेलेला असतो. पुढे देवऋषी, मग दुसरा देवऋषी, मग 'लग्न करून टाका, ताळ्यावर येईल' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला, मग कर्ज. पहिल्या चिन्हापासून पहिल्या गोळीपर्यंत कधीकधी वर्षे जातात. उपचाराविना जितका काळ लोटतो तितके बरे होणे अवघड होत जाते, हे वैद्यकशास्त्र सांगते. येरवड्याच्या दारात पोहोचणारे अनेक जण असे उशिरा पोहोचलेले असतात.

हे अपवादात्मक नाही. निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने त्या वेळी ग्रस्त आढळले. आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही देशातील सर्वांत औद्योगिक म्हणवणाऱ्या राज्यात चित्र फार वेगळे असेल, असे मानण्यास आधार नाही. देशात मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण सरासरीने लाख लोकसंख्येमागे एकही पुरते भरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशभरातील या मृतांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती आणि १३,०४४ विद्यार्थी होते. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजार असतो असे नाही. कर्ज, बेकारी, अपमान, घरातील छळ यांचा वाटा मोठा असतो, आणि त्यांवर गोळी हा उपाय नव्हे. परंतु मदत मागण्याची जागा जवळ असती तर यांतील किती जण आज हयात असते, हा प्रश्न प्रत्येक आकड्यामागे उभा राहतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण मागासलेले नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. साखळीने जखडून ठेवलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जणांचा बळी गेला. त्या घटनेने देश हादरला. २९ मे २०१८पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. शासनाने चालवलेल्या वा शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा या कायद्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. आणि तो हक्क देताना ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्यांत जातीचा उल्लेख शब्दशः केलेला आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ पिवळे कार्ड असो वा नसो, उपचार मोफत मिळाले पाहिजेत. आपल्याविषयीची माहिती गुप्त राहावी, आजार बळावल्यास आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा आणि कोणते उपचार हवे वा नको हे आपण आधीच लिहून ठेवावे, असे हक्क रुग्णाला मिळाले. आरोग्य विमा देणाऱ्या कंपनीने शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण दिले पाहिजे, असेही त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ उरलेलेच नाही. तरीही 'पोलीस केस होईल' या भीतीने विष घेतलेल्या माणसाचे खरे कारण रुग्णालयात लपवणारी घरे आजही आहेत. कायदा दिल्लीत बदलला तरी त्याची वार्ता खोलीपर्यंत पोहोचलेली नाही.

कामगारांच्या आणखी एका हक्काची माहिती आपल्या वाचकांना अवश्य असावी. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८चा राज्य कामगार विमा कायदा साकारला. आज महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कंत्राटी कामगारही यात येतो. या विम्यात दीर्घकालीन आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे. क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबर स्किझोफ्रेनिया आणि तीव्र मानसिक आजारही त्या यादीत आहेत. सलग दोन वर्षे विम्याखाली नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी झालेली असेल तर वेतनाच्या ८० टक्के रक्कम, वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार, कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ज्या मुलाला सोबत्यांनी एसटीत बसवून दिले, त्याला कदाचित हा हक्क होता. तो त्याला कोणी सांगितला नाही.

यात एक मेख आहे. ठेकेदार बदलला की कित्येकदा नवा विमा क्रमांक काढला जातो आणि आधीची वर्गणी जणू वाहून जाते. वस्तुतः विमा क्रमांक कामगाराचा असतो, ठेकेदाराचा नव्हे; नोकरी बदलली तरी तोच पुढे चालवता येतो. आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने हा क्रमांक आधार कार्डासारखा जपावा. शिकाऊ उमेदवार कायद्याखालील ॲप्रेंटिस मात्र या विम्यातून वगळलेले आहेत. या पट्ट्यात हजारो कोवळी मुले याच नावाखाली यंत्रावर उभी राहतात. सर्वांत जोखमीच्या वयाची मुलेच संरक्षणाबाहेर राहतात, ही बाब कामगार संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी ऐरणीवर घेतली पाहिजे.

हक्क असला तरी तो वापरायला वेळ लागतो. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. परंतु सरकारी बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ सकाळची; त्या वेळी पहिल्या पाळीचा कामगार यंत्रावर असतो आणि तिसऱ्या पाळीचा नुकता अंथरुणावर पडलेला असतो. चाकणहून पिंपरीला जाऊन, केसपेपर काढून, रांगेत थांबून परत येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी. मनाच्या आजाराचे औषध तर महिनोन् महिने घ्यावे लागते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसू लागायलाच दोन-तीन आठवडे जातात, आणि बरे वाटू लागले म्हणून त्या परस्पर सोडल्या तर आजार उलटतो. म्हणजे खाडे पुन्हा पुन्हा पडणार. अशा वेळी माणूस औषध सोडतो, आणि लोक म्हणतात की औषधाचा गुणच आला नाही. पुण्याच्या औद्योगिक भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात आणि भोसरी, तळेगाव येथील शासकीय वा महापालिकेच्या दवाखान्यांत दर गुरुवारी आणि शक्य तेथे संध्याकाळी मनोविकार तपासणी व्हावी, महिन्याची औषधे तेथेच मिळावीत, ही मागणी अवाजवी नाही. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. आठवड्यातून एक तज्ज्ञ, एक प्रशिक्षित परिचारिका आणि औषधांचा खंड न पडणारा पुरवठा एवढ्यावर ती भागते.

शासनाकडे मागणी करताना आपल्या घरातही डोकावणे प्राप्त आहे. आंबेडकरी समाजाने अंगात येणे, उतारा, गंडादोरा यांच्याशी उघड वैर घेतले, ही मोठी कमाई आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारहाण करणे हा त्याने गुन्हा ठरवला. आपल्या समाजात त्याचे स्वागत झाले. परंतु देवऋषी गेला म्हणजे डॉक्टर आला, असे आपोआप घडत नाही. त्या रिकाम्या जागेवर पुष्कळ घरांत एक नवा उपदेश येऊन बसला आहे. 'खंबीर हो, वाचन कर, आपल्या लोकांनी किती सोसले ते आठव.' संघर्षाचा वारसा हे आपले बळ आहे. परंतु ज्याच्या मेंदूचाच आजार आहे त्याला हा उपदेश म्हणजे पाय मोडलेल्याला पूर्वजांच्या पायपिटीची आठवण देणे होय. घरातून पहिल्यांदाच शिकलेल्या मुलावर आईवडिलांच्या, भावंडांच्या, कधीकधी साऱ्या वस्तीच्या आशेचा भार असतो. 'मी थकलो आहे' असे म्हणण्याची मुभा त्याला कोणी दिलेली नसते.

दुसरा सल्ला विपश्यनेचा. मन शांत होण्यास तिचा उपयोग होतो, असा अनेकांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. परंतु विपश्यना हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, गंभीर मनोविकार असलेल्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला येणे योग्य नाही, असे शिबिर भरवणाऱ्या केंद्रांच्या सूचनांतच म्हटलेले असते. प्रवेश अर्जातही अशा आजारांची विचारणा होते. ज्यांनी ती साधना शिकवली त्यांनी जी मर्यादा पाळली, ती आपण ओलांडून आजारी मुलाच्या गोळ्या बंद करून त्याला शिबिराला पाठवणे धोक्याचे आहे.

सर्वांत जड ओझे स्त्रियांवर पडते. मुलाचा आजार लपवून लग्न लावले जाते आणि परक्या घरची मुलगी न मागता परिचारिका होते. सून आजारी पडली तर मात्र तिला माहेरी पोहोचवले जाते आणि परत आणले जात नाही. मधुमेह आहे म्हणून जसे कोणाचे लग्न अडत नाही, तसे उपचाराखाली स्थिर असलेल्या मनोरुग्णाचेही अडू नये. पण ते दोन्हीकडच्या माणसांना सारे सांगून व्हावे. समतेचा आग्रह धरणाऱ्या समाजाने ही फसवणूक आपल्या सोयरिकींतून हद्दपार केलीच पाहिजे.

आता शाळेविषयी. निवासी शाळेत मूल दहाव्या-बाराव्या वर्षी घर सोडून येते. कुणाच्या घरी दारू असते, कुणाची आई एकटी कमावते, कुणी नुकताच बाप गमावलेला असतो. ते मूल रात्री जागते, अंथरूण ओले करते, अचानक भांडखोर होते किंवा मुके होते. याला शिस्तभंग मानायचे की मदतीची हाक, हे ओळखायला प्रशिक्षण लागते. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, कर्मचाऱ्यांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत आहे. देणग्यांवर आणि तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या शाळांना हा खर्च जड जाणार, हे उघड आहे. पण नव्या कमानीसाठी, सभागृहाच्या फरशीसाठी देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एका समुपदेशकाच्या मानधनाचा विचार करावा. कमानीवर नाव कोरता येते, मानधनावर येत नाही; तरीही हा विचार व्हावा.

माजी विद्यार्थी संघापुढे माझी एक सूचना आहे. भोसरी, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, चाकण अशा प्रत्येक भागात आपले माजी विद्यार्थी आहेत. प्रत्येक भागातून दोन पुरुष आणि दोन स्त्रिया अशी चार माणसे पुढे यावीत. त्यांनी उपचार करायचे नाहीत, उपदेशही करायचा नाही. कोणत्या रुग्णालयात मनोविकार तपासणी कोणत्या वारी असते, केसपेपर कोठे निघतो, विम्याचा वाढीव लाभ मागायला कोणते कागद लागतात, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मानसिक आजाराचे प्रमाणपत्र कसे मिळते, एवढे त्यांना माहीत असावे. आणि रुग्णाबरोबर पहिल्या दोन खेपा त्यांनी स्वतः जावे. पहिल्यांदा एकटा गेलेला माणूस रांग पाहून माघारी फिरतो; बरोबर कोणी असेल तर आत जातो. टेलिमानस ही केंद्र शासनाची १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२पासून चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आपल्या प्रत्येक खोलीच्या दारामागे चिकटवलेला असावा. त्या चौघांनी गुप्ततेचे पथ्य कसोशीने पाळावे, कारण चहाच्या टपरीवर एका रुग्णाचे नाव निघाले तर पुढचे दहा जण येणार नाहीत.

या कामाला मोठा निधी लागत नाही, सभागृह लागत नाही. संघाच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, भागवार नावे त्याच बैठकीत लिहून घ्यावीत आणि गुरुवारच्या तपासणीच्या मागणीचे निवेदन जिल्हा शल्यचिकित्सक व महापालिकेचा आरोग्य विभाग यांच्याकडे संघाच्या शिक्क्यानिशी द्यावे, ही विनंती. तोवर प्रत्येक वाचकाने एवढे तरी करावे, की कँटीनमध्ये पुन्हा कोणी येरवड्याचा विनोद केला तर त्यात हसू नये, आणि ज्याच्यावर तो झाला त्याला सुट्टीच्या दिवशी भेटून, झोप लागते का, जेवण जाते का, एवढे विचारावे.